चित्रासमोरची जागा

माणसाच्या चित्रासमोर उभे राहताना उभे राहण्याची जागा आपण निवडली आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती जागा बहुतेक वेळा चित्रकाराने आधीच ठरवून ठेवलेली असते. चित्रातली बाई आपल्याकडे पाहत असेल तर आपण तिच्या दारात आलेलो असतो. ती पाठमोरी असेल तर तिच्या मागून चालत आलेलो असतो. ती आपल्या कामात गुंतलेली असेल तर तिच्या नकळत तिला न्याहाळत असतो, आणि असे न्याहाळण्याचा आपल्याला हक्क आहे का, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. आकृतिप्रधान, म्हणजे माणसाची आकृती मुख्य असलेल्या चित्रकलेविषयी बोलताना आपण रंग, रेषा, शैली आणि आशय यांवर पुष्कळ बोलतो, पण या जागेविषयी फार कमी बोलतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत चित्रकला शिकवताना मला मात्र हाच प्रश्न सर्वांत जिवंत वाटत आला आहे, कारण मी राहतो तो प्रदेश बाहेरच्यांनी फार पाहिलेला आहे, आणि त्या प्रदेशातल्या माणसांच्या वाट्याला आलेली चित्रे फार थोडी आहेत.

थोडी म्हणजे अजिबात नाहीत असे नव्हे. आमच्याकडे घराच्या भिंती रिकाम्या नसतात. शेगावचे गजानन महाराज, मोझरीचे तुकडोजी महाराज, कमळात उभी असलेली लक्ष्मी, विठ्ठल, आणि त्यांच्या शेजारी किंवा किंचित खाली, चंदनाचा हार घातलेला, वारलेल्या आजोबांचा फोटो. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: ते समोर पाहतात. देवाच्या चित्राला समोर पाहावेच लागते, कारण दर्शनात आपण देवाला पाहणे जितके असते तितकेच देवाने आपल्याला पाहणेही असते, आणि मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाल्यावरच ती पूजेला योग्य ठरते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला गेला, तेव्हापासून निघालेल्या छापील लक्ष्मी-सरस्वतींनी हा समोरासमोरचा संबंध महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवला. त्या चित्रांसमोर उभा राहणारा माणूस प्रेक्षक नसतो. तो पाहायला आलेला नसतो, तो पाहून घ्यायला आलेला असतो, स्वतःला कोणाच्या तरी नजरेखाली आणायला.

गावातल्या बौद्ध वस्तीत गेले की हीच भिंत वेगळ्या रीतीने बोलते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडले त्यानंतर विदर्भातल्या अनेक घरांतून देवांच्या तसबिरी उतरल्या आणि त्यांच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. बहुतेक घरांत ते शेजारी शेजारी असतात. बुद्धाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या असतात. तो आपल्याकडे पाहत नाही, तो स्वतःच्या आत पाहतो आणि आपल्यालाही तसे पाहायला सुचवतो. बाबासाहेबांची नजर मात्र चष्म्यातून थेट येते आणि ती काहीतरी मागते. अभ्यास कर, असे ती नजर म्हणते, हे मला त्या वस्तीतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आपापल्या शब्दांत सांगितले आहे. प्रेक्षक आणि प्रतिमा यांच्यातले दोन निरनिराळे संबंध एकाच भिंतीवर, एकाच खिळ्याच्या उंचीवर टांगलेले मी तेथे पाहिले, आणि चित्रकलेच्या अभ्यासात ही भिंत मला कोणत्याही दालनापेक्षा कमी महत्त्वाची वाटत नाही.

अशा भिंतींसमोर वाढलेल्या मुलाला समकालीन चित्र दाखवले की त्याची पहिली अडचण विषयाची नसते. चित्रातला माणूस आपल्याकडे पाहत नाही, ही ती अडचण असते. मग हे चित्र आपल्यासाठी आहे की नाही, असा त्याला संशय येतो. उलट बाजूने पाहिले तर हीच मुले स्वतः माणसे काढतात तेव्हा ती पाठमोरी काढतात. शासकीय रेखाकला परीक्षेत, एलिमेंटरी असो की इंटरमिजिएट, स्मरणचित्राचा विषय आठवडी बाजार किंवा बसस्थानक असा काही असला की कागदावर पाठींची रांग उभी राहते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "सर, डोळे जमूनच नाही राह्यले." बरेच शिक्षक याला पळवाट म्हणतात. मला ती पूर्ण पळवाट वाटत नाही. डोळे काढले की चित्रातले माणूस जागे होते आणि आपल्याला जाब विचारू लागते, हे त्या मुलांना भिंतीवरच्या तसबिरींनी शिकवलेले असते. तेवढी जबाबदारी घेण्याआधी ती थांबतात, आणि तेथे थांबणे शहाणपणाचेही असू शकते.

चित्र प्रेक्षकाला जागा कशी नेमून देते हे समजावून सांगायला मी नेहमी एक जुने चित्र घेतो. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याने १६५६ साली काढलेल्या 'लास मेनिनास' या चित्रात चित्रकार स्वतः भल्यामोठ्या कॅनव्हासपाशी उभा आहे, राजकन्या आणि तिच्या दासी आहेत, एक कुत्रा आहे, आणि यांतले बरेच जण आपल्याकडे पाहत आहेत. मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा आणि राणी अंधूक दिसतात. म्हणजे ते दोघे जेथे उभे असायला हवेत नेमके तेथेच आज आपण उभे आहोत. मुलांना हे उमगते तेव्हा वर्गात जो गोंधळ होतो तो मला फार आवडतो, कारण त्या क्षणी चित्र भिंतीवरून उतरून खोलीभर पसरते. हे चित्र माणसापेक्षा उंच आहे, ३ मीटरहून थोडे अधिक, आणि त्यातली माणसे जवळजवळ आपल्या मापाची आहेत. आम्ही ते पाहतो मोबाइलवर, तळहाताएवढ्या पडद्यावर. बोटांनी चित्र मोठे करता येते, राजकन्येच्या बाहीवरचा रंगाचा एकेक फटकारा दिसतो, पण आपले शरीर त्या खोलीत कुठे उभे आहे याचा अंदाज मात्र येत नाही. आकृतिप्रधान चित्राचे मोबाइलवर सर्वांत मोठे नुकसान होते ते हे, असे माझे ठाम मत आहे. डोळा पोचतो, अंग पोचत नाही.

अंगासकट पोचायचे तर अजिंठा आम्हाला परका नाही. हा डोंगर आज विदर्भाच्या सीमेबाहेर असला तरी तेथली १६ आणि १७ क्रमांकांची लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात घडली, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशीम. सोळाव्या लेण्यातला शिलालेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे. सतराव्या लेण्यात एक चित्र आहे: भिक्षापात्र घेतलेला बुद्ध, भोवतालापेक्षा कितीतरी मोठा, आणि त्याच्यासमोर यशोधरा आणि लहानगा राहुल, दोघेही मान वर करून त्याच्याकडे पाहणारे. त्या चित्रासमोर उभे राहिल्यावर मला जे जाणवले ते असे की तेथे पाहण्याचा सारा व्यवहार चित्राच्या आतच पूर्ण होतो. आई आणि मूल पाहत आहेत, बुद्ध खाली पाहतो आहे, आणि आपण बाजूला उभे असलेले तिसरे आहोत. आपल्याला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी हाकललेलेही नाही. पहिल्या लेण्यातला पद्मपाणीसुद्धा हातात कमळ घेऊन डोळे झुकवून उभा आहे. त्याची करुणा आपल्या चेहऱ्यावर रोखलेली नसल्यामुळेच ती मला अधिक खरी वाटते.

चित्रकार अमृता शेरगिलने अजिंठा पाहिला आणि त्यानंतर १९३७ साली 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय ग्रामस्थ' ही चित्रे केली, हे चित्रकलेच्या वाचकांना ठाऊकच आहे. तिची माणसे आपल्याकडे क्वचितच पाहतात. पण अजिंठ्यातल्या झुकलेल्या डोळ्यांत जी स्वस्थता आहे ती तिच्या बायकांच्या डोळ्यांत नाही. १९३५ सालच्या 'तीन मुली' या चित्रातल्या मुली कुठेच पाहत नाहीत, त्या वाट पाहतात, आणि जे येणार आहे ते त्यांच्या मर्जीने येणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्यापुढे आपण उभे असतो तेव्हा आपण त्यांच्यासाठी काहीही करू शकत नाही. शेरगिल आपल्याला त्या खोलीत आणते आणि आपले हात बांधून ठेवते. आधुनिक भारतीय चित्रकलेत प्रेक्षकाची अस्वस्थता येथून सुरू होते, असे मी मानतो.

या अस्वस्थतेला ज्यांनी सर्वांत प्रामाणिकपणे तोंड दिले त्यांत मी सुधीर पटवर्धनांचे नाव आधी घेईन. १९४९ साली पुण्यात जन्मलेले, वैद्यक शिकलेले आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले हे चित्रकार १९७० च्या दशकापासून शहरातल्या कष्टकऱ्यांची चित्रे काढत आले. १९८१ साली मुंबईत आणि दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झाले. त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि पटवर्धन असे सहा जण होते, आणि चित्रात माणसाला पुन्हा जागा मिळाली पाहिजे असा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता. पटवर्धनांनी त्यापुढे जाऊन एक अवघड इच्छा बोलून दाखवलेली आहे: आपण ज्यांची चित्रे काढतो त्यांना त्या आकृतींत स्वतःची प्रतिमा सापडावी. ही इच्छा ऐकायला साधी आहे. तिचा अर्थ असा की चित्रातला माणूस आणि चित्रासमोरचा माणूस या दोन वेगळ्या जाती राहू नयेत, आणि ज्याला पाहिले जाते त्याला येऊन पाहताही यावे. मुंबईच्या दालनांत हे सहज घडत नाही, म्हणून २००८-०९ च्या सुमारास त्यांनी समकालीन भारतीय चित्रे घेऊन महाराष्ट्रातल्या इतर शहरांत फिरणारे एक प्रदर्शनही घडवले. चित्रकाराने स्वतःच्या चित्रापलीकडे जाऊन प्रेक्षकाची इतकी काळजी करावी, हे मला फार मोठे वाटते.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ च्या अखेरीस त्यांच्या चित्रांचे मोठे पुनरावलोकन भरले, तेव्हा मी माझ्या भाच्याला बरोबर घेऊन ते पाहायला गेलो होतो. भाचा कल्याणला राहतो, कारखान्यात पाळीवर काम करतो, आणि यापूर्वी तो कोणत्याही कलादालनात गेलेला नव्हता. सुरुवातीला तो माझ्या मागून हळूहळू चालत होता. पुढे एका मोठ्या चित्रापुढे तो थांबला, ज्यात उपनगरातली वस्ती होती, पूल होता आणि बरीच माणसे होती. बराच वेळ पाहून त्याने विचारले, "मामा, इथलं कोणीच आपल्याकडं का पाहून नाही राह्यलं?" मी काही बोलायच्या आत त्यानेच उत्तर दिले, "पाहीन कसं? पाळी सुटल्यावर कोणी कोणाकडं पाहत नसते. मी तरी कुठं पाहतो." मग त्याने चित्रातल्या एका माणसाकडे बोट दाखवले आणि तो कोणत्या बाजूने आला असेल, कुठे चालला असेल, त्याच्या पिशवीत काय असेल, हे मला समजावून सांगितले. दालनातल्या इतर प्रेक्षकांसारखा तो चित्रासमोर उभा नव्हता. तो चित्रात उभा होता आणि तेथून मला माहिती देत होता.

त्या दिवशी मला एक फरक कळला. पटवर्धनांच्या चित्रांतली माणसे आपल्याकडे पाहत नाहीत, त्याचे कारण ती आपल्यासाठी तेथे आलेली नाहीत हे आहे. त्यांना जायचे आहे. त्यांचा दिवस आपल्या येण्याआधी सुरू झालेला आहे आणि आपण गेल्यावरही चालणार आहे. ज्याचा दिवस तसाच जातो त्याला हे न पाहणे परकेपणाचे वाटत नाही, ते ओळखीचे वाटते. आणि ज्याचा दिवस तसा जात नाही त्याला चित्र थोडे दूर, रस्त्याच्या पलीकडे उभे करते. एकच चित्र दोन माणसांना दोन जागा देते, आणि दोन्ही जागा खऱ्या असतात.

आता ज्या प्रतिमेविषयी लिहायचे आहे ती चित्रकाराने काढलेली नाही. विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्या देशभर बातमीचा विषय झाल्या तेव्हापासून आमच्या जिल्ह्याची एक प्रतिमा ठरून गेली आहे: घराच्या उंबऱ्यात बसलेली तरुण विधवा आणि तिच्या मांडीवर किंवा छातीशी धरलेली नवऱ्याची तसबीर. ही छायाचित्रे काढणाऱ्या सगळ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या काहींमुळे सरकारला हलावे लागले. तरीही त्या प्रतिमेची रचना मला छळते. तिच्यात चित्राच्या आत चित्र आहे. तसबिरीतला माणूस आपल्याकडे पाहतो, कारण तो फोटो मुळात कोणत्या तरी ओळखपत्रासाठी काढलेला असतो आणि मागून मोठा करून घेतलेला असतो. बाईही आपल्याकडे पाहते, कारण तिला तसे सांगितलेले असते. आमच्या तालुक्यातल्या एका बाईने मला सांगितले, "एक म्हणे वर पाहा, दुसरा म्हणे खाली पाहा. फोटो पदरानं पुसून धरा म्हणे. मी म्हटलं, बापा, माह्यावाला चेहरा मले ठेवू द्या." ते वाक्य मी विसरू शकत नाही.

अशा प्रतिमेत प्रेक्षकाची जागा पक्की असते. तो अंगणात, थोडा वरच्या बाजूला, जाण्याच्या तयारीत उभा असतो. त्याला हळहळ वाटते आणि हळहळ वाटली म्हणून तो स्वतःला चांगला माणूस समजू शकतो. बाई मात्र त्या उंबऱ्यातून हलू शकत नाही. ती उद्या निंदणाला जाईल, मुलीच्या शाळेत येऊन माझ्याशी भांडेल, बचतगटाच्या बैठकीत मोठ्याने हसेल, यांतले काहीच त्या प्रतिमेत मावत नाही. चित्रकलेने या बाबतीत छायाचित्रापेक्षा काही वेगळे करावे अशी अपेक्षा असेल तर ती प्रेक्षकाची ही पक्की जागा हलवण्याची आहे.

समकालीन चित्रकारांनी ती निरनिराळ्या रीतींनी हलवली आहे. जर्मन चित्रकार गेऱ्हार्ड रिश्टर याने १९८८ साली आपल्या मुलीचे 'बेट्टी' हे चित्र एका छायाचित्रावरून केले, पण त्यात मुलीने मान मागे वळवलेली आहे; आपल्याला तिचे केस आणि जाकीट दिसते, चेहरा दिसत नाही. छायाचित्राइतक्या काटेकोरपणे रंगवलेल्या त्या चित्रासमोर माणूस थांबून राहतो, कारण ती वळेल असे त्याला वाटत राहते. माझ्या विद्यार्थ्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे मी पुन्हा आदराने पाहू लागलो तो हे चित्र कळल्यावर. लंडनच्या लिनेट यिआडम-बोआके ही चित्रकर्ती कृष्णवर्णीय माणसांची जी चित्रे काढते ती माणसे प्रत्यक्षात कुठेच नसतात, ती तिने कल्पनेने घडवलेली असतात. त्यामुळे त्यांची कहाणी काय, त्यांच्यावर कोणते संकट आले, हे विचारायला जागाच उरत नाही. ज्यांना कोणीही कधी वर पाहा किंवा खाली पाहा म्हटलेले नाही अशी ती माणसे आहेत, आणि त्यांच्यासमोर प्रेक्षकाची हळहळ निरुपयोगी होऊन जाते.

अतुल दोडिया यांची शटरवरची चित्रे मात्र आमच्या भिंतीपर्यंत थेट पोचतात. दुकानाला असते तसे लोखंडी शटर, आणि त्याच्यावर कॅलेंडरात शोभेल अशी लक्ष्मी. २००२ सालच्या 'महालक्ष्मी' या कृतीत शटर वर गेले की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. शटर बंद असते तेव्हा प्रेक्षकाला वाटते, देवी माझ्याकडे पाहते आहे, माझे बरे होईल. ते उघडते तेव्हा त्याच उंचीवर, त्याच ठिकाणी, घरची लक्ष्मी म्हणवल्या गेलेल्या मुली असतात. आपण जेथे हात जोडून उभे होतो तेथून हलायलाही आपल्याला वेळ मिळत नाही. भाविक म्हणून उभा राहिलेला माणूस क्षणात साक्षीदार होतो. विषय इतका भयंकर असूनही त्या मुलींचे दुःख येथे विक्रीला मांडलेले मला वाटत नाही, कारण पाहणाऱ्यालाही त्यात ओढून घेतलेले आहे.

नागपुराने चित्रकलेला दिलेली दोन मोठी नावे अमूर्ताची आहेत: वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले आणि सय्यद हैदर रझा यांचे सुरुवातीचे कलाशिक्षण नागपुरात झाले. या दोघांचा अभिमान आम्ही बाळगतो आणि तो रास्तच आहे. पण नागपूरचेच सवी सावरकर यांचे नाव आमच्याकडच्या कलाशिक्षकांच्या तोंडी तितके येत नाही, याचे मला वाईट वाटते. १९६१ साली जन्मलेल्या या चित्रकाराने गळ्यात मडके आणि पाठीशी झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, आणि या सर्वांवर सावली टाकणारी व्यवस्था, हे विषय रेखाटनांत, मुद्राचित्रांत आणि रंगचित्रांत सातत्याने हाताळले. त्यांच्या आकृती खडबडीत आहेत, रेषा रागावलेली आहे, आणि सुंदर दिसण्याची त्यांना पर्वा नाही. येथे प्रेक्षकाला कोणती जागा मिळते हे तो कोण आहे यावर अवलंबून असते, आणि चित्र ते स्पष्टपणे विचारते. मी वर्गात ती चित्रे दाखवली तेव्हा एरवी पुढे बसणारी काही मुले गप्प झाली आणि एरवी मागे बसणारा एक मुलगा पहिल्यांदा पुढे आला. चित्राने बसण्याच्या जागा बदलल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भूपेन खख्खरांचे १९८१ सालचे 'सगळ्यांना खूश करता येत नाही' हे चित्र मी वर्गात दाखवलेले नाही, पण त्याचा विचार मी फार करतो. सज्जात एक नग्न पुरुष उभा आहे आणि समोर खाली ती जुनी गोष्ट घडते आहे जी आमच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते: बाप, लेक आणि गाढव. लोक काहीही केले तरी बोलतातच, ही ती गोष्ट. स्वतःचे समलिंगी असणे उघडपणे मांडण्याच्या काळातले हे चित्र आहे आणि त्या माणसाला खख्खरांनी आपल्याकडे तोंड करून उभे केलेले नाही. तो गावाकडे पाहतो आहे. आपण त्याच्या मागे आहोत, त्याच्याच सज्जात, त्याच्या बाजूने. बोलणाऱ्या लोकांत उभे राहायचे की त्याच्या पाठीशी, हा निर्णय चित्राने आपल्यासाठी घेऊन टाकलेला आहे, आणि तो किती हळुवारपणे घेतलेला आहे हे पाहून मला आजही आश्चर्य वाटते. गीव्ह पटेल यांच्या विहिरींच्या चित्रांत तर मानवाकृतीही लागत नाही. काठावरून वाकून पाण्यात पाहावे अशी ती रचना आहे, पाण्यात आकाशाची आणि झाडोऱ्याची प्रतिबिंबे आहेत, आणि वाकलेला माणूस म्हणजे आपणच. ती चित्रे पाहताना माझी पाठ खरोखर थोडी वाकली होती.

हे सगळे मी माझ्या विद्यार्थ्यांना व्याख्यानासारखे सांगत नाही. काढता काढता बोलणे होते. मागच्या हंगामात दहावीतल्या एका मुलीने कापूस वेचणाऱ्या बायकांचे मोठे चित्र केले. तिची आई आणि मावशी वेचाईला जातात, आणि तीही सुटीच्या दिवशी जाते. कमरेला ओटी बांधलेल्या पाच बायका तिने काढल्या आणि या वेळी हट्टाने सर्वांना चेहरे दिले. चित्र पूर्ण झाल्यावर मी तिला म्हणालो की हे आधी त्या बायकांना दाखवू, परीक्षकाला नंतर. एका संध्याकाळी आम्ही ते तिच्या घराच्या ओसरीवर टेकवून ठेवले आणि शेजारच्या बायका जमल्या.

त्यांनी ते चित्र ज्या बारकाईने तपासले तितक्या बारकाईने मी कोणाही समीक्षकाला चित्र पाहताना पाहिलेले नाही. ओटीची गाठ चुकीच्या बाजूला आहे, हे आधी निघाले. मग तासातली, म्हणजे पिकाच्या ओळीतली जागा चुकली, दोघी एकाच तासात कशा, असे कोणीतरी म्हणाले. मग मावशीने मुख्य आक्षेप घेतला. "हे साऱ्या जणी वर कायले पाहून राह्यल्या? वेचताना बोंडाकडं पाहा लागते, नाहीतर बोटं सोलतात." मुलीने ते मान्य केले, चित्र घरात नेले, आणि दोन-तीन दिवसांनी चौघींच्या माना खाली वळवून ते परत आणले. पाचवी मात्र तशीच होती, सरळ उभी, डोळे थेट आपल्याकडे. मी तिला विचारले की हिला का ठेवलीस. ती म्हणाली, "सर, ही बाई पाहून राह्यली, धुऱ्यावर कोण आलं ते."

म्हणजे आपण धुऱ्यावर उभे होतो. वेलास्केझने राजाराणीला जेथे उभे केले होते तशी एक जागा या मुलीने शेताच्या कडेला आमच्यासाठी आखून ठेवली होती, आणि तिथे कोण उभे आहे हे मात्र उघडे ठेवले होते. बायकांना ही गोष्ट माझ्याआधी कळली. ओसरीवर लगेच वाद सुरू झाला. तिची आई म्हणाली, "मालक असन, वजनाच्या टायमाले येते तो." मावशी म्हणाली, "मालकाकडं अशी पाहीन का ते? हे तं पोट्टं पाणी घेऊन आलं, त्याच्याकडं पाहून राह्यली." तिसरीने चित्रातल्या बाईच्या भुवया पाहून सांगितले की तो फोटो काढायला आलेला कोणीतरी आहे, आणि ही त्याला आता परत पाठवणार आहे. मग त्या सगळ्या माझ्याकडे वळल्या आणि विचारू लागल्या, "गुरुजी, तुमीच सांगा, कोण होय तो?"